बसाप्पाअण्णांची गिरणी आणि माझी मुकी वेबसाइट

माझ्या सासूबाईंना कुणी विचारलं, "सून काय करते?" तर त्या सांगतात, "कम्प्युटरवर बसते." त्यावर पुढं कुणी काही विचारत नाही. गडमुडशिंगीत माझ्या माहेरी तर अजून समजूत आहे, की शाहूपुरीत माझं लग्नपत्रिका टाइप करून द्यायचं दुकान आहे. सुरुवातीला होतंही. पण वेबसाइट बनवायला लागून आता वीसेक वर्षं झाली, आणि तरी हा धंदा नेमका काय आहे ते मला एका वाक्यात सांगता येत नाही.

एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी तर मला कोड्यातच टाकलं होतं. त्यांची वेबसाइट झाली म्हणून मी फोन केला. दुसऱ्या दिवशी ते भावाला, मेहुण्याला घेऊन ऑफिसात हजर. पेढेही आणलेले. म्हणाले, "कुठं ठेवलीय? बघायला आलोय." मी कम्प्युटर त्यांच्याकडं वळवला. त्यांनी नीट पाहिलं, पेढे वाटले आणि जाताना हळूच विचारलं, "मग घरी कधी न्यायची?"

तेव्हापासून मी लोकांना असं सांगते, की वेबसाइट म्हणजे तुमचं दुकानच, फक्त ते गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनमध्ये उघडतं. दार कुठं ठेवायचं, काउंटर कुठं, कुठला माल पुढं मांडायचा, हे मी ठरवते. आत सगळा मजकूर असतो. अक्षरं, कंस, आकडे. बाहेर जे रंगीत दिसतं ते त्या मजकुराचं काम. हे मला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्यांच्या वेबसाइटच्या पोटातला मजकूर उघडायचा, वाचायचा, त्यातली एखादी ओळ मोडायची आणि काय बिघडतं ते बघायचं, असं करत शिकले. घड्याळ खोलून बघणाऱ्या पोराचा स्वभाव असेल तर हा धंदा जमतो.

मला वाटायचं, मी बऱ्यापैकी शिकलेय. मग बसाप्पाअण्णांचा फोन आला.

त्याआधी विलासदादांबद्दल सांगायला हवं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांचा छोटा कारखाना आहे. पिठाच्या गिरणीला लागणारे सुटे भाग तिथं बनतात. घराणं शेतीतलं, अजून ऊस आहे, पण दादांचा जीव लोखंडात. त्यांनी मला सांगितलं, "ताई, अशी वेबसाइट करा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घातलं पायजे."

मी केली. आयुष्यात इतक्या हौसेनं काही केलं नव्हतं. पहिल्या पानावर गिरणीचा दगड. त्यावर बोट ठेवलं की दगड फिरायचा आणि कडेनं पांढरं पीठ झरायचं. ते पीठ खरं वाटावं म्हणून मी तीन आठवडे घालवले. घरात चाळणीनं पीठ चाळत त्याकडं बघत बसायची. सासूबाई म्हणाल्या, "चपात्या कर आता त्याच्या." प्रत्येक सुट्या भागाचा फोटो, आणि त्या फोटोवरच वळणदार देवनागरी आकड्यांत त्याचा नंबर. आकडे मी हातानं काढले होते. दादांनी पाव्हण्यारावळ्यांना बोलावून दगड फिरवून दाखवला. मुंबईच्या दोन ओळखीच्या डेव्हलपरांनी कौतुकाचे मेसेज पाठवले. महिनाभर मी हवेत होते.

आणि एका दुपारी फोन वाजला.

"पावणं, त्या गिरणीच्या पार्टची वेबसाइट तुमीच केलीया न्हवं?"

"हो. बोला."

"आं? बाईमाणूस हाय व्हय! मग अक्का म्हणतो. अक्का, वेबसाइट मुकी हाय की तुमची."

मला वाटलं, आवाजाचं म्हणतायत. मी म्हटलं, "त्यात गाणं ठेवलेलं नाही, काका."

"गाणं कोन मागतंय? मी आंधळा हाय. फोन मला बोलून सांगतोय, कुठं काय लिवलंय ते. बाकीच्या वेबसाइटी बोलत्यात. तुमची बोलत न्हाई."

ज्यांना दिसत नाही अशा माणसांसाठी फोन पडदा वाचून दाखवतो, हे मी ऐकून होते. कधी करून बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी दुसऱ्या कामात होते. मी जे बोलले ते लिहितानाही लाज वाटते. म्हटलं, "घरात ज्यांना दिसतं त्यांना कुणाला तरी बघायला सांगा ना."

 पलीकडून "बरं," एवढंच. फोन बंद.

आठवड्यानं पुन्हा तोच आवाज. चिडलेला नव्हता, हेच वाईट होतं.

"अक्का, तू म्हनलीस तसं केलं. शेजारच्या दुकानदाराला बघाय लावलं. त्यानं नंबर टाकला, पार्ट आला, पर चुकीचा आला. पाच दिस झालं, गिरणी बंद हाय. मानसं दळप घिऊन दुसऱ्या गावाला चालल्यात."

मी वेबसाइट उघडली. गिरणीचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या बैठकीचे दोन प्रकार होते. दिसायला जुळी भावंडं, मापात फरक. एकाच्या नंबराच्या शेवटी एक, दुसऱ्याच्या शेवटी नऊ. आणि माझ्या हातानं काढलेल्या त्या नक्षीदार आकड्यांत देवनागरी १ आणि ९ यांच्यात काय फरक आहे, ते मलाही डोळे बारीक केल्याशिवाय कळेना. म्हणजे दुकानदाराचे डोळे चांगले होते. वाईट होती माझी कलाकुसर.

"अण्णा, गाव कुठलं तुमचं? मी घेऊन येते."

"कशाला तरास? कुरिअरनं लाव."

"नाही. मीच येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. कारखान्यातून योग्य ती बैठक घेतली आणि कागल ओलांडून सीमेच्या बाजूला निघाले. त्यांचं गाव असं, की एसटी थांब्यावर अर्धी माणसं मराठीत बोलतात आणि अर्धी कन्नडात, आणि भांडताना सगळे दोन्हींत. गिरणी विचारली तर एक म्हातारी म्हणाली, "बंद हाय ती. तुज्याकडं दळप तर दिसंना." मी म्हटलं, "दुरुस्तीला आलेय." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बोटानं गल्ली दाखवली.

बसाप्पाअण्णा दारातच पोत्यावर बसले होते. पंचावन्नच्या आसपासचे, कपाळाला भस्म, धोतर आणि बनियन. तिशीत काचबिंदूनं त्यांची नजर गेली. वडिलांची गिरणी होती, ती त्यांनी सोडली नाही. बायको महादेवी पट्टा चढवायची, मोटर चालू करायची. अण्णा झरणारं पीठ चिमटीत घेऊन बारीक-जाड ठरवायचे आणि दगडाचा आवाज ऐकून त्याला छिन्नीनं टाकी कधी लावायची ते सांगायचे.

मी बैठक हातात दिली. त्यांनी ती बोटांनी फिरवली. आतून करंगळी घातली, कडेनं अंगठा नेला. दहा सेकंदही लागले नसतील.

"हीच." मग बाजूची दुसरी उचलून माझ्या हातात दिली. "आणि ही चुकीची. डोळं मीट आन बघ."

मी डोळे मिटून दोन्ही चाचपल्या. फरक ठळक होता. माझ्या फोटोत तो कुठंच नव्हता.

दीडेक तासात महादेवीवैनींनी आणि त्यांनी मिळून बैठक बसवली. वैनी पाना धरायच्या, अण्णा सांगायचे. मी नुसती बघत होते. गिरणी सुरू झाली तेव्हा ती म्हातारी खरंच ज्वारी घेऊन आली.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "अण्णा, माझी वेबसाइट तुम्हाला कशी ऐकू येते ते दाखवा."

त्यांनी फोन काढला. पडदा काळा. "दिवा कशाला जाळू? बॅटरी खातोय," म्हणाले. काळ्या काचेवर त्यांची बोटं पळायला लागली आणि फोन इतक्या भरभर बोलायला लागला, की मला एक शब्द कळेना. त्यांनी माझ्यासाठी वेग कमी केला. आधी बातम्यांचं पान, मग ऊसदराचं एक पान. सगळं फाडफाड वाचलं. मग माझी वेबसाइट.

"चित्र," फोन म्हणाला. "बटण. चित्र. चित्र. बटण. चित्र."

तो फिरणारा दगड, झरणारं पीठ, तीन आठवडे. सगळ्याचं मिळून "चित्र".

"म्होरं ऐक," अण्णा म्हणाले आणि ऑर्डरच्या पानावर गेले. तिथं मी यंत्रानं भरलेल्या खोट्या ऑर्डरी येऊ नयेत म्हणून नेहमीचं कुलूप लावलं होतं. वाकड्यातिकड्या आकड्यांचं चित्र, बघून लिहायचं. फोन स्वच्छ आवाजात म्हणाला, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा."

महादेवीवैनी कप उचलत होत्या, त्या थांबल्या.

"बग की," अण्णा म्हणाले, "तीस वर्सं गावाचं पीठ दळतोय, एकानं इचारलं न्हाई. तुझ्या वेबसाइटनं इचारलं." आणि ते खदाखदा हसले. मला हसू येईना.

शेवटी बोट पार खाली गेलं आणि फोनवर एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट ऐकू आली. माझं आडनाव आणि माझा मोबाइल नंबर. अख्ख्या वेबसाइटमध्ये खरा मजकूर म्हणून तेवढीच एक ओळ होती. बाकी काही बोलतं केलं नव्हतं, स्वतःचं नाव तेवढं बोलत होतं. त्यावरूनच त्यांनी मला गाठलं होतं.

परत येताना स्कूटरवर मी ठरवलं, सगळं मोडून पुन्हा करायचं. अडचण होती विलासदादांची. ते ऐकूनच उसळले. "दगड काढायचा? ताई, त्या दगडावर माझी अब्रू हाय! परवा व्याह्यांना दाखवला!"

मी वाद घातला नाही. अण्णांनी शिकवलं होतं तसा माझा फोन बोलता केला, पडदा काळा केला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "दादा, तुमच्याच वेबसाइटवरनं तुमचाच एक पार्ट मागवून दाखवा."

दादा जिद्दीचे. वीस मिनिटं झगडले. फोन चित्र-बटण-चित्र-बटण करत राहिला. एसी असून कपाळावर घाम. मध्ये त्यांच्या बोटानं कुठं तरी काही तरी दाबलं गेलं आणि त्यांच्या साडूला फोन लागला. शेवटी त्यांनी फोन उलटा ठेवला.

"ह्यापेक्षा मी डोक्यावर पोतं घिऊन गिरणीत जाईन." मग म्हणाले, "किती गिऱ्हाइकं अशी आली आन गेली असतील, व्हय?"

"ते आपल्याला कधीच कळणार नाही, दादा. जाणारा सांगून जात नाही. एकानं सांगितलं."

"करा नवीन." उठताना मात्र म्हणाले, "दगड ऱ्हाऊ दे पर. कुणाच्या वाटंत येणार न्हाई असा ठेवा."

तसा ठेवला. आकडे साध्या टाइपात लिहिले. ते कुलूप काढून दुसरा उपाय केला. राहिली चित्रं. प्रत्येक चित्रामागं न दिसणारी एक ओळ लिहिता येते. ती फक्त फोन वाचतो. वीस वर्षांत ती ओळ मी बहुतेक वेळा रिकामी सोडली होती. आता पापक्षालन म्हणून मी ती भरायला बसले आणि माझ्यातली कवयित्री जागी झाली. एका पुलीमागं मी लिहिलं होतं, 'सकाळच्या कोवळ्या उन्हात चकाकणारी, कुशल हातांनी घडवलेली भक्कम पुली'. असं सगळ्या भागांना.

अण्णांना तपासायला दिलं. तासाभरात फोन.

"अक्का, आता बोलती."

"जमलं ना?"

"लई बोलती. मी पुली शोधतोय आन ही ऊन सांगतीया. पुली केवढी, भोक केवढं, पट्ट्याला गाळे किती, एवढं सांग. उन्हाचं मी काय करू?"

मी हातात डोकं धरून हसले. मग चारशेच्या वर ओळी पुन्हा लिहिल्या. कमी शब्दांत, बोटांना कळेल असं. लिहिताना लक्षात आलं, की हे अवघड आहे. पिठाचा झरा काढण्यापेक्षा कितीतरी अवघड. 'बाहेरून गोल, आतून चौकोनी, एका कडेला खाच' अशी एक ओळ सुचायला मला अर्धा तास लागायचा, आणि ती सुचली की चित्र काढल्याचा आनंद व्हायचा.

नव्या वेबसाइटवर अण्णांनी स्वतःच्या बोटांनी पहिला पार्ट मागवला तेव्हा मी तिथं होते. चार मिनिटं लागली. वैनींनी शिरा केला होता. पुढं दादांच्या लक्षात आलं, की चुकीचे पार्ट परत यायचे जवळजवळ थांबले. ज्यांना दिसत होतं तेही माझ्या आकड्यांना फसतच होते. फक्त ते बोलत नव्हते.

त्यानंतर मी प्रत्येक वेबसाइट गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी अण्णांना ऐकवायला लागले, त्यांची रीतसर फी ठरवून. साडीच्या दुकानाची वेबसाइट ऐकून ते म्हणाले, "पदर कसला, काठ कसला, कापड बोटाला कसं लागतंय, कायच न्हाई. नुसतं 'सुंदर साडी, सुंदर साडी'. महादेवी असली साडी घील व्हय?" दुकानदारानं मजकूर बदलला.

माझ्या ऑफिसातली तिघं डेव्हलपर आता महिन्यातला एक दिवस पडदा बंद करून काम करतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला मनात काय काय शिव्या दिल्या ते मी विचारलं नाही.

मग या वर्षी उन्हाळ्यात अण्णा फोनवर म्हणाले, "अक्का, एक इचारू? ही वेबसाइट करायला डोळं लागत्यात का?"

मी 'हो' म्हणणारच होते. आत सगळा मजकूरच तर असतो. अक्षरं, कंस, आकडे. फोन ते वाचून दाखवतो.

"नाही लागत, अण्णा."

"मग मला शिकीव."

फोनला जोडायचा एक छोटा कीबोर्ड त्यांनी घेतला. गिरणी दुपारी रिकामी असते, तेव्हा आम्ही फोनवर बसायचो. हा कंस उघडा, हे अक्षर लिहा, कंस बंद करा. जे उघडलं ते पुढं कुठं तरी बंद करावं लागतं, हे माझ्या ऑफिसातल्या शिकाऊ लोकांना शिकवायला मी आठवडा घालवते. अण्णा लगेच म्हणाले, "म्हंजी पोत्याचं तोंड सोडलं तर बांधायला पायजे. न्हाईतर सगळं सांडतंय." हे वाक्य मी आता सगळ्यांना सांगते.

तरी चुका झाल्या. दोनदा सगळं पुसलं गेलं. एकदा ते वैतागून म्हणाले, "हे धंदं नकोत, ज्वारी बरी," आणि दहा दिवस फोन केला नाही. मीही केला नाही. घड्याळ खोलून ठेवलेला माणूस परत येतोच. अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला.

गेल्या महिन्यात त्यांनी मला एका वेबसाइटचा पत्ता पाठवला. मी उघडला. पांढरं पान, काळी अक्षरं. ना रंग, ना नक्षी. गिरणीचं नाव आणि खाली मजकूर:

'गिरणी सुरू हाय. ज्वारी सकाळी. गहू दुपारी. तिखट आन हळद शनवारी. शनवारी गहू आणू नका, चपाती तिखट हुईल. लाइट गेली तर थांबू नका, डबा ठिवून जावा. दळणारा आंधळा हाय पर पीठ बारीक हाय. न पटलं तर परत दळून मिळंल.'

माझा हात सवयीनं 'हाय'चं 'आहे' करायला गेला. मी तो मागं घेतला. त्या पानात एकही शब्द जास्त नव्हता. गिऱ्हाइकाच्या मनात येणारा प्रत्येक प्रश्न तिथं होता आणि त्याचं उत्तर होतं. वीस वर्षं मी लोकांना हेच शिकवायला बघतेय.

खाली एक फोटो होता. अण्णांनी स्वतः काढलेला, कडेला झुकलेला. दगडाशेजारी उभ्या महादेवीवैनी, केसांवर पीठ, अर्धा पट्टा आणि बराचसा पत्रा. त्या फोटोमागं त्यांनी ती न दिसणारी ओळ लिहिलीय का ते बघायला मी पानाचा आतला मजकूर उघडला. होती.

'ही महादेवी. पट्टा ती चढवती. हसत असंल.'

मी पुन्हा फोटो बघितला. मोठा करून बघितला. मग फोन लावला.

"अण्णा, फोटो बघितला. वैनी खरंच हसतायत. पदर तोंडाला लावलाय, तरी कळतंय."

मागं गिरणीचा आवाज होता, त्यामुळं ते ओरडूनच बोलले.

"मग? म्हाईत हाय की!"